राहून गेलेलं साहस

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या नायकाला नाव विचारलं तर तो सांगत नाही, आणि गाव विचारलं तर ते फार मागे सुटलेलं आहे. सगळे त्याला नुसतं डॉक्टर म्हणतात. दिसायला माणसासारखा असला तरी तो परग्रहावरच्या ‘टाइम लॉर्ड’ नावाच्या एका प्राचीन जमातीतला आहे. त्याला दोन हृदयं आहेत. मरणाच्या दारात पोचला, की त्याचं शरीर पालटतं आणि नवा चेहरा, नवा स्वभाव घेऊन तो पुढच्या वाटेला लागतो. त्याच्या ‘टार्डिस’ या यानातून काळात मागेपुढे आणि विश्वात कुठेही जाता येतं. बाहेरून हे यान म्हणजे ब्रिटनच्या रस्त्यांवर एकेकाळी असायची तशी पोलिसांची निळी पेटी, जेमतेम दोन-चार माणसं मावतील एवढी. आत मात्र ते अफाट पसरलेलं आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण इतकी चपखल क्वचितच कुणाला लागू पडेल. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीनं मालिकेचा पहिला भाग दाखवला. १९८९ मध्ये ती थांबली, मधल्या काळात १९९६ चा एक टीव्ही-चित्रपट तेवढा आला, आणि २००५ मध्ये ती नव्यानं सुरू झाली. या सगळ्या काळात डॉक्टर हिंडतोच आहे. त्यानं जुलमी राजवटी उलथवल्या, अख्खे ग्रह वाचवले, इतिहासातल्या थोरामोठ्यांना भेटून आला. त्याच्याकडे पाहताना वाटतं, की इतका मोकळा जीव दुसरा नसेल. घरभाडं नाही, कर्जाचे हप्ते नाहीत, उद्या सकाळी ठरलेल्या जागी हजर व्हायचं नाही.

या मोकळेपणाखाली एक हुरहुर आहे, आणि ती ओळखल्याशिवाय ही मालिका नीट कळत नाही, असं माझं म्हणणं आहे. डॉक्टरला साधं आयुष्य हवं आहे: रोज त्याच माणसांत उठणं, त्यांच्यासोबत म्हातारं होणं, शेवटी आपल्या अंथरुणावर डोळे मिटणं. ही इच्छा तो सहसा बोलून दाखवत नाही. बडबड, थट्टा आणि पळापळ यांच्याआड ती दडवून ठेवतो, आणि एखाद्याच क्षणी ती त्याच्या तोंडून निसटते. नायक थोडा हळवा वाटावा म्हणून लेखकांनी वरून भुरभुरलेली ही भावना आहे, असं कुणी म्हणेल. मला ती कथेच्या मुळाशी दिसते. सामान्य माणसांकडे जे आहे आणि आपल्याला जे मिळत नाही, ते किती मोठं आहे हे डॉक्टरला ठाऊक आहे. म्हणूनच तो त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालतो. त्याची सगळी नीती या ओढीवर उभी आहे, आणि ती सुटते तेव्हा तो धोकादायक होतो.

सुरुवात सुरुवातीपासूनच करू. बीबीसीतल्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांच्या कल्पनेतून मालिका उभी राहिली. निर्मितीची सूत्रं व्हेरिटी लँबर्ट या तरुण निर्मातीकडे होती, आणि पहिल्या कथेचं दिग्दर्शन लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसैन यांनी केलं. विल्यम हार्टनेल यांनी रंगवलेला तो पहिला डॉक्टर म्हणजे तिरसट, संशयी म्हातारा. त्याच्यासोबत त्याची नात सुझन आहे. पहिल्याच भागात ती लंडनच्या एका साध्या शाळेत जाते, ती शाळा तिला आवडते, तिथून हलायला ती तयार नाही. साध्या आयुष्याची ओढ मालिकेत पहिल्यांदा अशी तिच्या रूपानं आली, आणि आजोबांनी ती धुडकावून लावली. पण त्याच भागात हे आजोबा आपण मायभूमीपासून तुटलेले, परागंदा झालेले आहोत हेही सांगतात, आणि एक दिवस परत जाऊ, असा आशेचा सूरही लावतात. पुढे १९६४ च्या अखेरीस दाखवलेल्या कथेत उद्ध्वस्त लंडनमध्ये सुझनला डेव्हिड नावाचा तरुण भेटतो. तिचं मन त्याच्यात गुंततं, पण आजोबांना एकटं टाकून जाणं तिला जमत नाही. तेव्हा डॉक्टर टार्डिसचं दार आतून लावून घेतो आणि तिला बाहेरच ठेवून निघून जातो. त्यानं तिला विचारलं नाही, हा त्याचा दोष खरा. पण नातीला काय द्यायचं ठरवलं, ते पाहा: एक घर, एक माणूस आणि एकाच जागी रुजणं. स्वतःला जे जमलं नाही, तेच त्यानं आपल्या सर्वांत जवळच्या माणसासाठी निवडलं.

याच हार्टनेल-पर्वात आणखी दोन खुणा सापडतात. १९६४ च्या ‘द ॲझ्टेक्स’ या कथेत डॉक्टर कॅमेका नावाच्या एका समंजस, प्रौढ स्त्रीच्या सहवासात रमतो. तिच्यासाठी तो कोको बनवतो, आणि तिथल्या रिवाजानुसार तो वाङ्निश्चय ठरतो हे त्याला नंतर कळतं. प्रसंग हसतखेळत उलगडतो. निघायची वेळ येते तेव्हा तिनं दिलेला दागिना तो तिथल्या थडग्यापाशी ठेवतो, वळतो, क्षणभर थांबतो, आणि मागे येऊन तो उचलून घेतो. तोंडातून शब्द निघत नाही. दुसरी खूण १९६६ ची. सोळाव्या शतकातल्या पॅरिसमधल्या कत्तलीवरची कथा संपते तेव्हा त्याचा सोबती स्टीव्हन रागानं त्याला सोडून जातो. डॉक्टर यानात एकटा उरतो. निघून गेलेल्या सोबत्यांची नावं तो आठवतो, त्यांच्यातल्या कुणालाच आपल्याला समजून घेता आलं नाही म्हणतो, आपणही घरी परत जावं का असं स्वतःला विचारतो, आणि ते शक्य नाही हे पुढच्याच श्वासात कबूल करतो. बीबीसीनं त्या काळात जुन्या चित्रफिती पुसून टाकल्या. त्यात या कथेचं चित्रण गेलं, आवाज तेवढा उरला. पण तो आवाजही पुरेसा बोलका आहे.

ही उदाहरणं मुद्दाम आधी मांडली, कारण पहिला आक्षेप इथेच येतो. जाणकार प्रेक्षकांतले अनेक म्हणतात, की डॉक्टरचं हे झुरणं २००५ नंतरच्या लेखकांनी जोडलं; जुना डॉक्टर कुतूहलापायी हिंडणारा, भावनांत न अडकणारा होता. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. जुन्या मालिकेत हा विषय क्वचित येतो आणि लगेच मिटतो. पण क्वचित येणं म्हणजे नसणं नव्हे. १९६७ मध्ये पॅट्रिक ट्राउटनचा डॉक्टर वडिलांच्या मृत्यूनं खचलेल्या व्हिक्टोरियाला धीर देताना स्वतःच्या कुटुंबाविषयी बोलतो: ती माणसं एरवी मनात झोपलेली असतात, पण मनात आणलं तर ती डोळ्यांपुढे उभी राहतात. १९७३ मध्ये ‘द ग्रीन डेथ’ या कथेच्या शेवटी जो ग्रँट ही त्याची लाडकी सोबतीण एका तरुण शास्त्रज्ञाशी लग्न ठरवते. घरात आनंदाला उधाण आलेलं असताना जॉन पर्टवीचा डॉक्टर पेला संपवून गुपचूप बाहेर पडतो आणि संधिप्रकाशात एकटाच गाडी हाकत निघून जातो. नव्या लेखकांनी ही ओढ शोधून काढली नाही. लहानपणी ही मालिका पाहत वाढलेल्या त्या पिढीनं पडद्यावर जे अबोल होतं, त्याला शब्द दिले.

जॉन पर्टवीचं नाव आलं की दुसरा, अधिक ताकदीचा आक्षेप समोर येतो. १९६९ मध्ये टाइम लॉर्ड मंडळींनी डॉक्टरवर खटला चालवला आणि त्याला शिक्षा म्हणून पृथ्वीवर हद्दपार केलं. १९७० पासून तो लष्कराशी जोडलेल्या ‘युनिट’ या संस्थेचा वैज्ञानिक सल्लागार झाला. प्रयोगशाळा, सहकारी, एक जुनी पिवळी मोटार, कामाचं ठरलेलं ठिकाण असं सगळं त्याला मिळालं. आणि त्यानं काय केलं? जमेल तेव्हा यान दुरुस्त करून पळून जायचा प्रयत्न केला. मग साध्या आयुष्याची ओढ कुठे राहिली? याचं उत्तर त्या शिक्षेतच आहे. त्याला दिलेलं स्थैर्य त्यानं निवडलेलं नव्हतं. दाराला बाहेरून कडी घातली, की घराचाही तुरुंग होतो. त्यात पुन्हा ते ठिकाण म्हणजे लष्कराची कचेरी होती. तिथे कुणी त्याचं नव्हतं असं नाही, पण संसार म्हणावा असंही काही नव्हतं. १९७२-७३ च्या ‘द थ्री डॉक्टर्स’ या कथेअखेर त्याची शिक्षा माफ झाली, आणि नंतरही तो त्या माणसांकडे पुन्हा पुन्हा येत राहिला. सक्ती संपल्यावर माणूस जिथे आपणहून परततो, त्या जागेशी त्याचं नातं असतं.

२००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा उभी केली तेव्हा क्रिस्टोफर एकल्स्टनचा डॉक्टर एका भीषण युद्धातून एकटा वाचलेला होता. आता परत जायला ग्रहच उरला नव्हता. याच पर्वात पॉल कॉर्नेल यांनी लिहिलेला ‘फादर्स डे’ हा भाग आहे. डॉक्टरची सोबतीण रोझ १९८७ मध्ये जाते आणि गाडीखाली सापडून मरणाऱ्या आपल्या वडिलांना वाचवते. काळाची वीण उसवते, भयंकर प्राणी माणसांना गिळू लागतात, आणि एका लग्नाला आलेली मंडळी चर्चमध्ये अडकून पडतात. त्या धामधुमीत नवरा-नवरी डॉक्टरजवळ येतात आणि आपण काही मोठी माणसं नाही, तरी आपल्याला वाचवता येईल का, असं विचारतात. तो त्यांना तुमची भेट कशी झाली हे विचारतो. रात्री उशिरा रस्त्यावर टॅक्सीसाठी उभे असताना भेटलो, असं ते सांगतात. तेव्हा तो म्हणतो, की असं आयुष्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही, आणि त्यांना वाचवायचा शब्द देतो. या ओढीचं काम इथे उघड दिसतं. त्या जोडप्याकडे विद्या, सत्ता, पराक्रम यांपैकी काही नाही. त्यांच्याकडे टॅक्सीची वाट पाहताना झालेली एक ओळख आहे, आणि डॉक्टरच्या लेखी ती जगण्याचा पुरेसा दाखला आहे.

याच कॉर्नेल यांनी १९९५ मध्ये ‘ह्युमन नेचर’ ही कादंबरी लिहिली होती. तिच्यावरून त्यांनीच २००७ मध्ये ‘ह्युमन नेचर’ आणि ‘द फॅमिली ऑफ ब्लड’ हे जोडभाग लिहिले. या विषयावरचा सर्वांत सखोल विचार त्यांत आहे. एक परग्रही टोळी डॉक्टरच्या मागे लागते. लपण्यासाठी तो आपलं सारं सत्त्व आणि स्मृती एका खिशातल्या घड्याळात बंद करतो आणि खरोखरचा माणूस होतो. १९१३ साली इंग्लंडमधल्या मुलांच्या निवासी शाळेत तो जॉन स्मिथ नावाचा इतिहासाचा शिक्षक बनून राहतो. आपण कोण होतो हे त्याला माहीत नाही; फक्त विचित्र स्वप्नं पडतात आणि ती तो वहीत उतरवतो. शाळेतली परिचारिका जोन रेडफर्न विधवा आहे; तिच्यावर त्याचं प्रेम बसतं. मग टोळी येऊन ठेपते, गावावर हल्ला होतो, आणि घड्याळ उघडून पुन्हा डॉक्टर होण्यावाचून मार्ग उरत नाही. डेव्हिड टेनंटनं उभा केलेला तो शिक्षक त्या क्षणी अक्षरशः मोडून पडतो. डॉक्टर होणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं मरणंच आहे. घड्याळ हातात घेतल्यावर त्याला आणि जोनला होऊ शकलं असतं ते आयुष्य दिसतं: लग्न, मुलं, सोबतीचं म्हातारपण, आणि घरची माणसं सुखरूप आहेत हे ऐकून शांतपणे आलेलं मरण. नेहमीच्या साहसकथेत दुबळा माणूस शक्तिमान होतो तो विजयाचा क्षण असतो. इथे तोच क्षण शोकाचा आहे, आणि प्रेक्षकही शिक्षकाच्या बाजूनं उभा राहतो. साध्या माणसाचं जगणं नायकपणाहून वरचढ ठरवण्याचं धाडस किती साहसमालिकांनी केलं असेल?

मात्र इथेच तिसरा आक्षेप घ्यावा लागतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साध्या आयुष्याचं हे गोड चित्र नक्की कुणाचं? १९१३ च्या त्या शाळेत जॉन स्मिथ मानाचा मास्तर आहे. त्याला सांभाळायला आलेली सोबतीण मार्था जोन्स मूळची डॉक्टरकीची विद्यार्थिनी; पण कृष्णवर्णीय असल्यानं तिला त्या काळात मोलकरीण होऊन फरशा पुसाव्या लागतात. विद्यार्थी तिच्या रंगावरून टोमणे मारतात. जोनसारख्या भल्या बाईलाही अशा रंगाची मोलकरीण वैद्यक शिकते हे खरं वाटत नाही, तेव्हा मार्था हाताच्या हाडांची नावं धडाधड सांगून तिला गप्प करते. म्हणजे एकाचं साधं, सुखाचं आयुष्य दुसरीच्या अपमानावर उभं आहे. ही बाजू टीकाकारांनी बाहेरून शोधून काढलेली नाही, ती कथेतच आहे. आणि कथेच्या अखेरीस जोन डॉक्टरला विचारते, की तू लहर आली म्हणून ही जागा निवडली नसतीस, तर इथे कुणी मेलं असतं का? त्याच्याकडे उत्तर नाही. तो तिला सोबत यायला सांगतो, ती नाही म्हणते. ओढ खरी असली म्हणून ती माणसाला निर्दोष करत नाही, हे या भागांना पक्कं कळलेलं आहे. म्हणूनच मला त्यांतली हुरहुर भाबडी वाटत नाही. साधं आयुष्य सुंदर आहे हे म्हणतानाच ते कुणाकुणाच्या वाट्याला येऊ दिलं जातं, हा प्रश्न ती सोडत नाही. त्या शाळेतल्या मुलांना बंदुका चालवायला शिकवलं जात आहे, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू होणार आहे, हेही प्रेक्षक विसरू शकत नाही.

आणखी एक शंका उरते. डॉक्टरला घर दिलं तर तो एक दिवस तरी टिकेल का? मालिकेनं याची गंमत अनेकदा केली आहे. २००६ मध्ये यान कायमचं गमावलं असं वाटतं तेव्हा दारं आणि गालिचे असलेल्या घरात राहावं लागेल, या कल्पनेनंच डॉक्टर धास्तावतो. २०१२ च्या ‘द पॉवर ऑफ थ्री’ या भागात मॅट स्मिथचा डॉक्टर एमी आणि रोरी या जोडप्याच्या घरी थांबतो आणि तासाभरात कुंपण रंगवून, गवत कापून, घर झाडून कंटाळतो. पण ही दृश्यं तिथेच संपत नाहीत. २००६ च्या प्रसंगात रोझ अडखळत सुचवते, की घर घ्यायचंच झालं तर दोघांत एक घेता येईल, आणि एरवी अखंड बोलणारा डॉक्टर एकदम अवघडतो. २०१२ मध्ये तो पुन्हा त्याच घरी येऊन राहू का म्हणून विचारतो, आणि कारण सांगतो ते एवढंच, की तुमची आठवण येते. त्याला रिकामा वेळ सोसत नाही, यात शंका नाही. पण साधं आयुष्य म्हणजे रिकामा वेळ नव्हे. त्याला हवं आहे ते कुणाचं तरी असणं, आणि ते रोज असणं. २००६ च्या ‘डूम्सडे’ या भागात रोझ दुसऱ्या विश्वात कायमची अडकते. निरोप घेताना तो तिला सांगतो, की एकेक दिवस करत आयुष्य जगणं, हे एकच साहस माझ्या वाट्याला येणार नाही. विश्व पालथं घालणाऱ्या माणसानं साहस हा शब्द रोजच्या जगण्यासाठी राखून ठेवला आहे.

चौथा आक्षेप धंद्याचा आहे. मालिका चालायची तर नायक भटकाच हवा. त्याला घरी बसवलं तर पुढच्या आठवड्यात दाखवायचं काय? मग त्याच्या एकटेपणात एवढा अर्थ कशाला शोधायचा? हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. भटका नायक हा टीव्हीचा जुना साचा आहे. १९६३ मध्येच अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द फ्युजिटिव्ह’ या मालिकेचा नायक डॉ. रिचर्ड किंबल पत्नीच्या खुनाचा खोटा आळ घेऊन गावोगाव पळत राहतो; दर भागात नवं गाव, नवं नाव, नवी माणसं. पण त्याची इच्छा उघड आहे. त्याला आपलं नाव आणि आपलं आयुष्य परत हवं आहे, आणि ऑगस्ट १९६७ मधल्या अखेरच्या भागात तो निर्दोष ठरतो. ‘क्वांटम लीप’ या मालिकेचा नायक सॅम बेकेट याला दर भागात घरी पोचायची आशा असते, आणि १९९३ मध्ये मालिका संपताना तो कधीच पोचला नाही असं सांगितलं जातं. या दोघांना घर होतं आणि ते हिरावलं गेलं. डॉक्टर मात्र आपणहून निघालेला आहे; म्हणून त्याची ओढ त्याला स्वतःशीही मान्य करता येत नाही. आणि निर्मितीची गरज व कथेचा अर्थ एकमेकांचे वैरी नसतात. १९६६ मध्ये हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यामुळे नट बदलणं भाग पडलं, आणि त्या अडचणीतून शरीर पालटण्याची कल्पना निघाली. आज ती मालिकेचा प्राण आहे. तसंच नायकाला थांबू न देण्याच्या सक्तीतून लेखकांनी न थांबण्याचं दुःख घडवलं. बंधन धंद्यानं घातलं असेल, पण त्याचं मोल लेखकांनी ओळखलं.

ही ओढ नसती तर काय झालं असतं, हे पाहायचं तर नोव्हेंबर २००९ मधला ‘द वॉटर्स ऑफ मार्स’ हा विशेष भाग पाहावा. २०५९ मध्ये मंगळावरच्या पहिल्या मानवी तळावरची सगळी माणसं मरणार, हे इतिहासात ठरलेलं आहे. डॉक्टर आधी मागे हटतो, मग सगळे नियम झुगारून तळप्रमुख ॲडिलेड ब्रुक आणि दोन सहकाऱ्यांना वाचवून पृथ्वीवर आणतो. इथवर तो नेहमीचाच तारणहार वाटतो. पण त्याच्या बोलण्यात उन्माद शिरलेला असतो. काळाचे नियम आता माझ्या हुकमतीत आहेत, असं तो म्हणतो, आणि आजवर वाचवलेल्या माणसांची किरकोळ आणि महत्त्वाची अशी वर्गवारी करू लागतो. ‘फादर्स डे’मध्ये टॅक्सीची वाट पाहणाऱ्या जोडप्यापुढे नम्र झालेला तो हाच का, असा प्रश्न पडतो. ॲडिलेड त्याच्या विजयाला नकार देते. घरात जाऊन ती स्वतःचा जीव घेते आणि इतिहासाचा मार्ग सावरते. या भागात डॉक्टरची विद्या, ताकद, हेतू सगळं नेहमीचंच आहे. सुटलेली आहे ती एकच गोष्ट: साध्या माणसाकडे आपल्याला न मिळालेलं काहीतरी आहे, ही जाणीव. ती होती तोवर त्याची ताकद दुसऱ्याच्या सेवेला होती. ती गेली आणि तो काही मिनिटांतच जुलमी झाला.

भारतीय प्रेक्षकाला हीच गोष्ट जवळून दाखवणारा भाग ११ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. विनय पटेल यांनी लिहिलेल्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’मध्ये जोडी व्हिटेकरची डॉक्टर, या भूमिकेतली पहिली स्त्री, ऑगस्ट १९४७ मधल्या पंजाबात पोचते. तिची सोबतीण यास्मिन हिच्या आजीचं, उम्ब्रीनचं, प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी लग्न आहे. फाळणीची रेषा त्यांच्या शेतातून गेली आहे. त्या रेषेवर डॉक्टर स्वतः लग्न लावते. प्रेमचा जीव जाणार हे तिला कळतं, पण हात घातला तर यास्मिनचं अस्तित्वच पुसलं जाईल, म्हणून ती दूर होते. प्रेमच्या मरणाला त्याचा धाकटा भाऊच कारण होतो. ज्यांना राक्षस समजलं होतं ते परग्रही तर एकाकी मरणाऱ्यांचे साक्षीदार व्हायला आलेले असतात. लाखो माणसं देशोधडीला लागलेल्या त्या ऑगस्टातून पटेल यांनी एक मळा, एक मेंदी, एक लग्न निवडलं. जॉन स्मिथला दिसलेलं आणि न मिळालेलं आयुष्य इथे दोन साध्या माणसांकडून हिरावलं जातं, आणि ते हिरावणारा कुणी परग्रही नसून घरातलाच माणूस असतो. रोजचं जगणं ही नाजूक आणि सहज चिरडली जाणारी गोष्ट आहे, हे डॉक्टरला इतकं लख्ख कळतं, कारण ती त्या जगण्याकडे कायम उंबऱ्याबाहेरून पाहत आली आहे.

मालिकेनं ही इच्छा पुरी करून पाहिली नाही असं नाही. २०१३ च्या नाताळातल्या भागात मॅट स्मिथचा डॉक्टर एका लहानशा गावाच्या रक्षणासाठी शतकानुशतकं तिथेच राहतो, मुलांची खेळणी दुरुस्त करतो आणि म्हातारा होतो. २०१५ मध्ये पीटर कपाल्डीच्या डॉक्टरला पत्नी रिव्हर साँगसोबत चोवीस वर्षांची एक रात्र मिळते. ९ डिसेंबर २०२३ च्या ‘द गिगल’मध्ये तर लेखकानं डॉक्टरचे दोन डॉक्टर केले. शुटी गाट्वाचा नवा डॉक्टर यान घेऊन निघतो, आणि थकलेला डेव्हिड टेनंटचा डॉक्टर मैत्रीण डोना नोबलच्या कुटुंबात राहतो, अंगणात सगळ्यांसोबत जेवायला बसतो, आणि इतका सुखी कधीच नव्हतो असं सांगतो. या शेवटावर पुष्कळांनी नाक मुरडलं: दुःख फुकटात मिटवलं, दोन्ही दगडांवर पाय ठेवला. आक्षेप निम्मा खरा आहे. कथेची सोय इथे दिसते. पण त्यातलं एक विधान मला फार मोलाचं वाटतं. डोना त्याला सांगते, की तू दमला आहेस, थांब. साठ वर्षांच्या कथेत कुणीतरी डॉक्टरला थांबणं ही हार नाही, ते औषध आहे, असं समजावलं. आणि तो बरा झाला म्हणूनच पुढचा डॉक्टर हलक्या मनानं निघू शकतो.

भटक्या नायकाच्या कथा आपल्याला बहुधा एकच गोष्ट शिकवतात: घर सोडणारा मोठा, घरी राहणारा लहान. करिअर, परदेश, यश यांविषयीची आपली भाषाही हेच सांगत असते. मुलांना वाढवणारे, आजाऱ्यांपाशी बसणारे, रोज तीच पोळी लाटणारे हात तिच्यात कुठे येतच नाहीत. ‘डॉक्टर हू’नं ही उतरंड उलटी केली. सगळं पाहून झालेल्या माणसाच्या तोंडून तिनं सांगितलं, की राहून गेलेली मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे. यातून सगळ्यांनी घरी बसावं असं निघत नाही. मार्थानं मोलकरीण होऊन राहण्यात काही थोर नव्हतं, आणि सुझनला न विचारता दिलेलं घरही पूर्ण न्याय्य नव्हतं. निघतं ते एवढंच, की रोजचं जगणं ही उरलेल्यांच्या पदरात पडणारी गोष्ट नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी ते कमी लेखू नये, आणि युद्धानं, फाळणीनं, रंगावरून वा गरिबीमुळे ज्यांच्याकडून ते काढून घेतलं जातं, त्यांच्यासाठी लढणं हे विश्व वाचवण्याइतकंच मोठं काम मानावं. डॉक्टर वर्षानुवर्षं नेमकं तेच काम करतो आहे.